रॉ फोटोंचे संपादन: सुरुवात कोठून करावी?

धीमी_लोकल

नमस्कार. काही महिन्यांपासून हौस म्हणून फोटो काढतो आहे. २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सर कॅमेरा, त्यासोबत आलेली १८-५५ची लेन्स आणि एक जुनी ५० मिलिमीटरची लेन्स, एवढाच संसार आहे. आतापर्यंत जेपेगवर काम भागत होते, पण अलीकडे कॅमेऱ्याला रॉ (सेन्सरने नोंदलेले मूळ, न घडवलेले आकडे) आणि जेपेग दोन्ही साठवायला सांगितले आहे.

अडचण अशी की छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या इमारतीवरील रोषणाईचे फोटो काढले, तेव्हा कॅमेऱ्याच्या पडद्यावर ते झकास दिसत होते. घरी रॉ फाइल उघडली की क्षणभर तोच झकास फोटो दिसतो आणि लगेच डोळ्यांदेखत फिका, राखाडी होऊन बसतो. शिवाय घुमटाखालच्या ज्या भागावर निळा झोत होता, तेथे दगडावरील कोरीव काम दिसतच नाही, नुसता निळा सपाट डाग दिसतो. हिस्टोग्राम (डावीकडे गडद आणि उजवीकडे उजळ छटा किती आहेत हे दाखवणारा आलेख) तर मधोमध होता, उजव्या कडेला कोठेही चिकटलेला नव्हता.

दरमहा भाडे भरावे लागणारे सॉफ्टवेअर सध्या नको आहे. संगणक जुना, ८ जीबी रॅमचा आहे. सुरुवात कोठून करावी आणि यातले नेमके काय शिकणे आवश्यक आहे, हे जाणकारांनी सांगावे.

उन्हाची_तिरीप

आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्याच वर्णनात आहे. क्षणभर दिसणारा झकास फोटो म्हणजे कॅमेऱ्याने रॉ फाइलच्या पोटात ठेवलेली छोटी जेपेग असते. सॉफ्टवेअर ती आधी दाखवते आणि मग मूळ आकडे वाचून स्वतःच्या हिशेबाने चित्र नव्याने उभे करते. कॅमेऱ्यातील ‘व्हिव्हिड’, ‘लँडस्केप’ वगैरे शैली, वाढवलेला कॉन्ट्रास्ट आणि शार्पनिंग हे सारे त्या जेपेगवर चढवलेले असते, रॉमधील आकड्यांना त्याचा स्पर्शही झालेला नसतो.

सेन्सरला रंग कळत नाहीत, त्याला फक्त उजेड किती पडला एवढेच कळते. म्हणून प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवी किंवा निळी यांपैकी एकच गाळणी बसवलेली असते. कोडॅकमधील ब्राइस बेयर यांच्या नावाचे हे पेटंट १९७६ सालचे आहे आणि आजही बहुतेक कॅमेरे तीच मांडणी वापरतात. आपल्या २४ मेगापिक्सेलपैकी सुमारे १२ दशलक्ष पिक्सेल हिरवे, ६ दशलक्ष लाल आणि ६ दशलक्ष निळे आहेत, आणि उरलेले दोन रंग प्रत्येक जागी शेजाऱ्यांवरून अंदाजाने भरले जातात. हा अंदाज, रंगांचा समतोल आणि उजेड-सावलीची चढण यांचा निर्णय जेपेगमध्ये कॅमेरा घेतो, रॉमध्ये तो आपल्यावर सोडलेला असतो. तेव्हा फिका दिसणारा फोटो बिघडलेला नसून अद्याप कोणी घडवलेलाच नाही, असे समजावे.

या कारणामुळे माझे ठाम मत असे की नवशिक्याने पहिले काही महिने रॉसोबत जेपेगही ठेवावी आणि रॉवरून निदान त्या जेपेगइतका चांगला फोटो आपल्याला काढता येतो का, याची परीक्षा घ्यावी. तेवढे जमेपर्यंत बाजारात मिळणाऱ्या तयार प्रीसेटच्या (एका क्लिकवर लागू होणाऱ्या संपादनाच्या) नादी लागू नये.

रात्रपाळी

निळ्या डागाविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण मुंबईत रात्री फोटो काढणाऱ्या प्रत्येकाला हा प्रश्न कधी ना कधी गाठतोच.

आपण पाहिलेला हिस्टोग्राम बहुधा एकत्रित, पांढऱ्या रेषेचा असावा. हा आलेख तिन्ही रंगांची सारखी बेरीज करत नाही. डोळ्याला हिरवा अधिक उजळ भासतो, म्हणून नेहमीच्या सूत्रात हिरव्याला सुमारे ५९ टक्के, लालला ३० टक्के आणि निळ्याला जेमतेम ११ टक्के वजन असते. इमारतीवर शुद्ध निळ्या एलईडीचा झोत असेल, तर निळा चॅनेल (फक्त निळ्या रंगाच्या नोंदी) काठोकाठ भरून वाहू लागला तरी एकत्रित आलेख मधोमध निवांत बसलेला दिसतो. म्हणून कॅमेऱ्याच्या मेनूत जाऊन तिन्ही रंगांचे वेगवेगळे आलेख दाखवणारा पडदा सुरू करावा. बहुतेक कॅमेऱ्यांत तो असतो, पण आपणहून समोर येत नाही.

दुसरी गोष्ट, तो आलेखही रॉवरून नव्हे, तर पोटातल्या त्या जेपेगवरून काढलेला असतो. शैली ‘व्हिव्हिड’ असेल तर आलेख प्रत्यक्षापेक्षा आधीच काठाला टेकतो. मी शैली ‘न्यूट्रल’ ठेवतो. पडद्यावरचा फोटो नीरस दिसतो, पण आलेखावर थोडा अधिक विश्वास ठेवता येतो.

आता एक्स्पोजरविषयी, म्हणजे सेन्सरवर किती उजेड पडू द्यायचा त्याविषयी. १४ बिट रॉमध्ये १६,३८४ पायऱ्या असतात, जेपेगच्या प्रत्येक चॅनेलमध्ये २५६. मात्र सेन्सरचे मोजमाप सरळ रेषेत चालते, म्हणजे उजेड दुप्पट झाला की आकडा दुप्पट होतो. त्यामुळे सर्वांत उजळ स्टॉपच्या (स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा होण्याचे माप) वाट्याला ८,१९२ पायऱ्या जातात, त्याखालच्या स्टॉपला ४,०९६, मग २,०४८, आणि गडद सावलीपर्यंत पोहोचताना मूठभर उरतात. सावलीत नॉइज (दाणेदार ठिपके) दिसतो त्याचे मुख्य कारण मात्र पायऱ्या नव्हेत, तर तेथे मुळात प्रकाशच थोडा पोहोचलेला असतो. म्हणून ‘काठाला न टेकता जितके उजवीकडे नेता येईल तितके न्यावे’ असा सल्ला दिला जातो. तो दिवसाउजेडी, स्थिर विषयासाठी योग्य आहे. रंगीत रोषणाईसमोर मात्र तो आंधळेपणाने पाळला तर आपण वर्णन केलेला डाग मिळतो. अशा ठिकाणी जो चॅनेल सर्वांत आधी भरतो, त्याच्याकडे पाहून शटर ठरवावे. बाकीचे दोन अंधारात राहिले तरी चालेल. सावली काही प्रमाणात वर उचलता येते, पण वाहून गेलेल्या चॅनेलमधील कोरीव काम परत आणता येत नाही.

यावर सोपा उपाय वेळेचा आहे. सूर्यास्तानंतरच्या वीस-पंचवीस मिनिटांत आकाशात उजेड शिल्लक असतो आणि दिवे लागलेले असतात. त्या वेळी दगडावर आकाशाचा मऊ प्रकाशही पडतो, त्यामुळे तिन्ही चॅनेलमध्ये काहीतरी नोंदले जाते. पूर्ण अंधारात तेथे केवळ एलईडीचा निळा असतो, म्हणजे सेन्सरच्या तीनपैकी एकाच प्रकारच्या गाळण्यांना काम मिळते. जुन्या सोडियमच्या दिव्यांखालीही असेच होत असे. दिव्याच्या प्रकाशात जो रंग जवळपास नव्हताच, तो व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) कितीही फिरवला तरी उगवत नाही.

धीमी_लोकल

आपल्या सांगण्याप्रमाणे तिन्ही आलेख सुरू करून सूर्यास्ताला पुन्हा गेलो आणि निळ्या आलेखाकडे पाहत एक्स्पोजर बरेच खाली आणले. रॉमध्ये क्लिपिंगचा (चॅनेल काठोकाठ भरल्याचा) इशारा आता कोठेही दिसत नाही. तरीही पडद्यावर तो भाग जांभळट आणि काहीसा सपाट वाटतो. हे कसे?

रात्रपाळी

हा दुसरा रोग आहे आणि लक्षण मात्र तेच आहे. रॉमध्ये माहिती शाबूत आहे, पण ती दाखवण्याचे भांडे लहान पडते आहे. साधे मॉनिटर आणि वेबपाने ज्या एसआरजीबी रंगावकाशावर (दाखवता येणाऱ्या रंगांच्या ठरलेल्या पल्ल्यावर) चालतात, तो १९९६ साली एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी त्या काळच्या मॉनिटरवरून बेतला. शुद्ध निळ्या एलईडीचा रंग त्याच्या बाहेर पडतो. मग सॉफ्टवेअर तो ओढूनताणून आत बसवते आणि त्या ओढाताणीत रंग जांभळ्याकडे झुकतो व छटा एकमेकींत मिसळतात. फक्त निळ्या रंगाचे सॅच्युरेशन (रंगाची तीव्रता) हळूहळू उतरवून पाहावे. एका टप्प्यावर कोरीव काम वर येऊ लागेल, तेथे थांबावे.

निदान नेमके करायचे असेल तर डार्कटेबल या रॉ संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये रॉ क्लिपिंग दाखवणारी वेगळी खूण आहे आणि रॉथेरपी या तशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये हिस्टोग्राम रॉवरून दाखवण्याची सोय आहे. तेथे चॅनेल भरलेला दिसला तर दोष एक्स्पोजरचा आहे. तेथे सर्व ठीक असूनही चित्र सपाट दिसले, तर दोष रंगावकाशाचा आहे.

पहिल्या_पानाचा

थोडा विरोधी सूर लावतो. वृत्तपत्रासाठी फोटो काढण्यात माझी बरीच वर्षे गेली आहेत आणि त्यांतील बहुतांश काम जेपेगवर झाले आहे. गिरगाव चौपाटीवर विसर्जन चालू असताना रात्री अकराच्या आत फोटो कार्यालयात पोहोचवायचा असेल, तर रॉ उघडत बसायला वेळ नसतो. नोव्हेंबर २०१५ मध्ये रॉयटर्स या वृत्तसंस्थेने आपल्या मुक्त छायाचित्रकारांना रॉवरून बनवलेले फोटो पाठवू नका, कॅमेऱ्यातच तयार झालेली जेपेग पाठवा, असे कळवले होते. वेग हे त्यामागचे एक कारण होते आणि फोटोत बदल केला जाण्याची शंका हे दुसरे.

माझा आक्षेप रॉला नाही, ‘नंतर बघू’ या वृत्तीला आहे. नवे लोक एक्स्पोजर दोन-दोन स्टॉप चुकवतात, उभी रेघ तिरकी ठेवतात आणि घरी जाऊन संध्याकाळ घालवतात. जेपेगवर एक वर्ष काढले की हात आपोआप सुधारतो.

उन्हाची_तिरीप

आपल्या आक्षेपात तथ्य आहे, पण निष्कर्ष पटत नाही. बदल केल्याची शंका असेल तर रॉ हाच पुरावा ठरतो. वर्ल्ड प्रेस फोटो आणि वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर या स्पर्धांत अंतिम टप्प्यावर पोहोचलेल्यांकडून मूळ फाइल तपासायला मागितली जाते, ती याचसाठी. हौशी माणसाला अकराची वेळ गाठायची नसते. त्याला आपण काय चुकवले हे शांतपणे पाहायचे असते आणि ते रॉमध्ये जितके उघड दिसते तितके जेपेगमध्ये दिसत नाही, कारण तेथे कॅमेऱ्याने परस्पर सारवासारव केलेली असते.

खाडीकाठ

पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांच्या बाजूने दोन शब्द. भांडुप पंपिंग स्टेशनला किंवा शिवडीच्या दलदलीत पांढरा बगळा काळ्या चिखलावर उभा असतो. कॅमेऱ्याचा मीटर सगळे दृश्य मध्यम करड्या छटेचे मानून चालतो, म्हणून चिखल पाहून तो उजेड वाढवतो आणि बगळ्याची पिसे पांढरीफटक होतात. अशा वेळी एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरने ठरवलेला उजेड कमी-जास्त करण्याची सोय) उणे एक किंवा त्याहून खाली न्यावे आणि रॉमध्ये नंतर चिखल उचलावा. पिसांतील रेघा तीनपैकी एखाद्या चॅनेलमध्ये तग धरून असतील तर हायलाइट खाली ओढल्यावर थोड्या परततात, पण तिन्ही गेले असतील तर तेथे करडा रंग फासल्यासारखा दिसतो.

रॉचा एक तोटाही सांगितला पाहिजे. फ्लेमिंगोंचा थवा उठला की बोट शटरवरून निघत नाही आणि साध्या कॅमेऱ्याचा बफर (फोटो तात्पुरते साठवणारी मेमरी) काही क्षणांत भरतो, मग कॅमेरा कार्डावर लिहीत बसतो आणि थवा ठाण्याच्या दिशेने निघून जातो. वेगवान कार्ड घ्यावे आणि मेनूत ‘लॉसलेस कॉम्प्रेस्ड’ हा पर्याय असल्यास तो निवडावा. त्यात माहितीचा कण न गमावता फाइल लहान होते.

घरी आल्यावर संपादनाआधी निवड करावी. एकाच बगळ्याच्या चाळीस फोटोंवर स्लायडर फिरवण्यापेक्षा डोळ्यावर फोकस असलेले दोन ठेवून बाकीचे काढून टाकावेत. यात निष्ठुर व्हावे लागते.

फुकट_ते_पौष्टिक

कोणते सॉफ्टवेअर घ्यावे हे कोणी लिहिले नाही, म्हणून लिहितो. लाइटरूम चांगलेच आहे, पण त्याला भाडे आहे. डार्कटेबल आणि रॉथेरपी ही दोन्ही मोफत आणि मुक्त स्रोत आहेत. ८ जीबी रॅमवर दोन्ही चालतात, फक्त नॉइज काढताना जुना संगणक धापा टाकतो. तिसरा मार्ग कॅमेरा कंपन्यांच्या स्वतःच्या सॉफ्टवेअरचा. निकॉनचे एनएक्स स्टुडिओ आणि कॅननचे डिजिटल फोटो प्रोफेशनल मोफत मिळतात आणि कॅमेऱ्यातील शैली ओळखतात, त्यामुळे रॉ उघडल्यावर फोटो जेपेगसारखाच दिसतो. ज्यांना फिक्या फोटोची धास्ती वाटते, त्यांनी तेथूनच सुरुवात करावी.

डार्कटेबल निवडल्यास एक लक्षात ठेवावे. त्यात डझनावारी मॉड्यूल (संपादनाची अवजारे) आहेत आणि ती सगळी वापरण्यासाठी नाहीत. एक्स्पोजर, व्हाइट बॅलन्स आणि रंग समायोजन, सिग्मॉइड (कॉन्ट्रास्ट ठरवणारे), लेन्स दुरुस्ती, क्रॉप आणि नॉइज एवढ्यांवर बराच काळ सुखाने जातो. मूळ फाइलला ते हात लावत नाही, आपण केलेले बदल शेजारी एका छोट्या एक्सएमपी फाइलमध्ये लिहून ठेवते. फाइल दुसरीकडे हलवताना ती चिठ्ठीही सोबत न्यावी, अन्यथा मेहनत मागे राहते.

दादर_पश्चिम

प्रत्यक्ष एक फोटो घेऊन सांगितले तर धागाकर्त्यांना अधिक उपयोग होईल. दादरच्या फुलबाजारात पहाटे काढलेला फोटो घेतो. गोणपाटावर झेंडूचा ढीग, वर लोंबणारा एलईडी बल्ब, ढिगामागे हार ओवणाऱ्या मावशी आणि त्यांच्या पाठीमागे रस्त्यावर नुकते फटफटू लागलेले आकाश. आयएसओ १६००, शटर १/१२५.

उघडल्यावर झेंडूचा ढीग केशरी लगद्यासारखा दिसत होता, एकही पाकळी सुटी नाही. रॉचा आलेख तपासला तर लाल चॅनेल काठाशी होता, पण आत होता. मग पहिली पायरी म्हणून संपूर्ण फोटोचे एक्स्पोजर पाऊण स्टॉप खाली आणले, पाकळ्यांच्या दुमडी दिसेपर्यंत. या वेळी मावशींचा चेहरा काळवंडला, त्याची काळजी केली नाही. संपादनात एका वेळी एकाच गोष्टीकडे पाहावे, हे मला सर्वांत उशिरा उमगले.

नंतर व्हाइट बॅलन्स. येथे दोन प्रकाश आहेत, जवळ बल्बचा पिवळा आणि मागे पहाटेचा निळा. दोन्ही एकाच वेळी ‘बरोबर’ करता येत नाहीत. चेहऱ्यावर जो प्रकाश आहे त्याचा हिशेब धरावा आणि मागचा निळा निळाच राहू द्यावा, पहाट त्यानेच कळते. ड्रॉपर (व्हाइट बॅलन्ससाठी तटस्थ रंगाची जागा निवडणारे साधन) टेकवण्यासाठी लोक पांढरा सदरा शोधतात. तो टाळावा, कारण आपल्याकडे पांढऱ्या कपड्यांना नीळ दिलेली असते किंवा धुण्याच्या पावडरीत उजळपणा आणणारी द्रव्ये असतात. सदरा पांढरा धरला की सगळा फोटो पिवळा होतो. मी कवी केशवसुत उड्डाणपुलाच्या न रंगवलेल्या सिमेंटवर, जेथे बल्बचाच उजेड पडत होता तेथे, ड्रॉपर टेकवला आणि मग त्वचा पाहून किंचित उबेकडे सरकवले. पूर्ण तटस्थ केलेला फुलबाजार शवागारासारखा दिसतो.

मग चेहऱ्याभोवती मऊ कडांचा मास्क घेऊन तेवढाच भाग अर्धा स्टॉप उचलला. शॅडोचा स्लायडर सबंध फोटोवर वर नेला असता तर ढिगाखालचे गोणपाट, टोपल्या आणि मागची गर्दी सगळेच उजळले असते आणि पहाटेची दुपार झाली असती. केशरी रंगाचे सॅच्युरेशन वाढवले नाही, उलट थोडे कमी केले. झेंडूला वाढवण्याची गरज नसते. शेवटी १०० टक्के मोठे करून नॉइज पाहिला. रंगीत ठिपके पूर्ण काढले, दाणेदारपणा बराचसा राहू दिला, कारण तो जास्त पुसला की चेहरा मेणाचा होतो.

एवढे झाल्यावर फाइल बंद करून दुसऱ्या दिवशी पाहिली. रात्री मॉनिटरवर निळा प्रकाश कमी करणारी सोय चालू असेल तर आधी ती बंद करावी, नाहीतर सगळे रंगकाम सकाळी निळसर निघते.

धीमी_लोकल

सर्वांचे आभार, विशेषतः निळीच्या सल्ल्याबद्दल. आता साठवणुकीचे कसे करता? माझी डिस्क भरत आली आहे. आणि फोनमध्येही रॉचा पर्याय आहे, तो वापरावा का?

खाडीकाठ

२४ दशलक्ष पिक्सेल गुणिले १४ बिट म्हणजे दाबली नाही तर सुमारे ४२ मेगाबाइटची फाइल. लॉसलेसमध्ये ती साधारण २५ ते ३० मेगाबाइटवर येते. निवड करून टाकाऊ फोटो काढले की अर्धा प्रश्न सुटतो. उरलेल्यांच्या तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर आणि त्यांतील एक घराबाहेर, हा जुना नियम मुंबईत पाळावाच. तळमजल्यावर राहणाऱ्यांना जुलै महिना त्याचे कारण सांगेल. माझी एक डिस्क बहिणीकडे डोंबिवलीला असते. जाता जाता, पावसाळ्यात लेन्स कापडी बॅगेत ठेवू नये, आत बुरशीचे जाळे धरते. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि दहा-बारा रुपयांच्या फरकाकडे न पाहता घेतलेला आर्द्रतामापक ठेवावा, काटा ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास असावा.

रात्रपाळी

फोनच्या रॉमध्ये दोन जाती आहेत. एक साधी डीएनजी, ज्यात एकाच वेळच्या उघडझापीतील सेन्सरचे आकडे असतात. फोनचा सेन्सर इवलासा असल्याने रात्री ती फारच दाणेदार निघते आणि फोनच्याच जेपेगपुढे केविलवाणी वाटते, कारण जेपेग अनेक फ्रेम एकत्र करून बनलेली असते. दुसरी जात २०२०मध्ये आलेल्या ॲपलच्या प्रोरॉसारखी, ज्यात फ्रेम जोडण्याचे काम आधीच झालेले असते आणि तरीही व्हाइट बॅलन्स व उजेड फिरवायला वाव राहतो. दिवसा, मोकळ्या उजेडात साधी डीएनजी वापरून पाहावी. रात्रीसाठी दुसरी असेल तरच वापरावी, नसेल तर फोनची जेपेग घ्यावी आणि रॉसाठी कॅमेरा सोबत न्यावा.